चार्म क्वार्कभोवतीची रिकामी जागा: डेड कोनच्या मोजणीचे प्रकरण

क्वार्क हे प्रोटॉनसारख्या कणांचे मूलभूत घटक, आणि ग्लुऑन हे त्यांना एकत्र बांधणाऱ्या प्रबल बलाचे वाहक कण. वेगाने निघालेला जड क्वार्क आपल्या वाटेला अगदी चिकटून ग्लुऑन सोडत नाही. त्याच्या दिशेभोवती शंकूसारखी एक जागा जवळजवळ रिकामी राहते, तिला डेड कोन (इंग्रजी ‘कोन’, म्हणजे मृत शंकू) म्हणतात. हे भाकीत युरी डॉक्शित्झर, व्हॅलेरी खोझे आणि सर्गेई ट्रोयान यांनी १९९१ मध्ये मांडले. ती रिकामी जागा थेट मोजून दाखवणारा निकाल जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलिस प्रयोगाने मे २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापला.

मधल्या तीस वर्षांचे खापर यंत्रांच्या ताकदीवर फोडणे सोपे आहे. पण या प्रकरणात ताकद जितकी जास्त तितकी अडचण जास्त होती. मोजणी जमली, कारण कोणत्या नोंदी टाकून द्यायच्या आणि उरलेल्या कशाशी ताडून बघायच्या, हे नीट ठरवले गेले. पुढचे लिखाण त्या निर्णयांबद्दल आहे. त्यात निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावे नाहीत. अशा प्रयोगाच्या लेखावर हजारभर सह्या असतात आणि कोणती कल्पना कोणाची हे बाहेरून ठरवत बसण्यात अर्थ नसतो.

पार्श्वभूमी

दोन प्रोटॉन आदळतात, त्यांच्या आतल्या दोन घटकांची जोरदार धडक होते आणि एखादा क्वार्क बाहेर फेकला जातो. विद्युतभारित कणाला असा हिसका बसला की तो फोटॉन सोडतो. क्वार्ककडे रंगभार, म्हणजे प्रबल बलाचा भार असतो, म्हणून तो ग्लुऑन सोडतो. फोटॉनला स्वतःचा भार नसतो, ग्लुऑनला मात्र रंगभार असतो. त्यामुळे सुटलेला ग्लुऑनही पुढे ग्लुऑन सोडतो किंवा क्वार्कची जोडी तयार करतो. शेवटी हे सगळे पायॉन, केऑन, प्रोटॉन अशा कणांत बांधले जाते आणि डिटेक्टरमध्ये दिसतो तो साधारण एकाच दिशेने निघालेला कणांचा झोत, म्हणजे जेट.

क्वार्कचे वस्तुमान नगण्य असेल तर तो लहान कोनांत भरपूर ग्लुऑन सोडतो. कोन निम्मा, मग त्याच्या निम्मा, असे आत आत जात राहिले तर प्रत्येक टप्प्यात सारखेच उत्सर्जन सापडते. वस्तुमान आले की हा क्रम मोडतो. कुठे मोडतो ते एका साध्या भागाकाराने कळते: क्वार्कचे वस्तुमान भागिले त्याची ऊर्जा. उत्तर रेडियनमध्ये मिळते आणि तोच डेड कोनचा कोन.

नावामुळे असे वाटते की या कोनाच्या आत काहीच नाही आणि बाहेर सगळे नेहमीसारखे. तसे नसते. जड क्वार्कचे उत्सर्जन हलक्या क्वार्कच्या तुलनेत किती उरते ते असे काढतात: ज्या कोनावर बघायचे त्याचा वर्ग घ्या, त्याला तोच वर्ग अधिक डेड कोनच्या कोनाचा वर्ग या बेरजेने भागा आणि आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा. नेमक्या डेड कोनच्या कडेवर हलक्या क्वार्कच्या एक चतुर्थांश उत्सर्जन उरते. कोनाच्या दुप्पट अंतरावर ६४ टक्के, तिप्पट अंतरावर ८१ टक्के. आत अर्ध्यावर गेलो तर ४ टक्के. म्हणजे शोधायची होती ती एक हळूहळू खोल होत जाणारी घट, आणि तिला कुठेही धारदार कड नव्हती. पुढचे बरेच निर्णय यावरूनच समजतात.

अप्रत्यक्ष पुरावा पूर्वीपासून होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींत बॉटम या जड क्वार्कच्या जोडीतून निघणारे भारित कण आणि हलक्या क्वार्कच्या जोडीतून निघणारे भारित कण मोजले, तर बॉटमच्या बाजूला सरासरी तीनच्या आसपास जास्त कण मिळतात. हे जास्तीचे कण बॉटम असलेल्या जड कणांच्या विघटनातून येतात. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की टकरीची ऊर्जा वाढवली तरी हा फरक जवळपास तेवढाच राहतो. जड क्वार्क लहान कोनांतले उत्सर्जन गमावतो असे धरले तरच हा स्थिरपणा नीट उलगडतो. पण ही झाली एकूण कणांची गणती. कोणत्या कोनात किती कमी पडले, हे ती सांगत नाही.

या प्रश्नाला आणखी एक धार होती. २००१ मध्ये असे सुचवण्यात आले की क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या तप्त द्रवातून जाताना जड क्वार्कने हलक्या क्वार्कपेक्षा कमी ऊर्जा गमवायला हवी, कारण त्याला आपल्या शंकूत ग्लुऑन सोडता येत नाहीत. नंतर अमेरिकेतल्या आरएचआयसी यंत्रावर सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरींत जड क्वार्कपासून आलेले इलेक्ट्रॉन मोजले गेले, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा बरेच दबलेले निघाले. मग डेड कोनवरचा विश्वास ढळू द्यायचा, की द्रवाबद्दलचे आपले आकलन कच्चे मानायचे? निर्वात जागेतला परिणामच कोणी थेट पाहिलेला नसेल तर या प्रश्नाचा निवाडा करणे अवघड.

अडचण

पहिली अडचण दिशेची. कोन मोजायचा तर कोणत्या रेषेपासून मोजायचा? क्वार्क कधीच एकटा दिसत नाही. ग्लुऑन सोडताना त्याची दिशाही थोडी बदलते. जेटचा अक्ष हा अखेरच्या सगळ्या कणांच्या संवेगांची बेरीज असतो. मधल्या क्षणी क्वार्क कुठे निघाला होता, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी अडचण मला सर्वांत चमत्कारिक वाटते. जड क्वार्क शेवटी एखाद्या जड मेसॉनमध्ये, म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून बनलेल्या कणात जातो आणि तो मेसॉन लगेच विघटित होतो. विघटनातून निघालेले कण मेसॉनच्या दिशेपासून किती कोनात फाकतात? साधारण मेसॉनचे वस्तुमान भागिले त्याची ऊर्जा, एवढ्या. म्हणजे अगदी डेड कोनएवढ्याच! (जीईव्ही हे कणभौतिकीत ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचे एकक; एमईव्ही त्याचा हजारावा भाग, टीईव्ही हजारपट.) चार्म क्वार्क असलेला, १.८६५ जीईव्ही वस्तुमानाचा डी-शून्य मेसॉन १० जीईव्ही ऊर्जेने निघाला तर त्याचे तुकडे ०.१९ रेडियनच्या आसपास फाकतात, आणि त्याच ऊर्जेच्या चार्म क्वार्कचा डेड कोन ०.१३ रेडियनचा असतो. निसर्गाने जी जागा रिकामी ठेवली ती विघटन भरून टाकते, तीही त्याच मापाने. जेटमधले कण नुसते कोनाप्रमाणे मोजत बसले तर घट दिसणारच नाही.

तिसरी अडचण ओळखीची आहे. क्वार्क आणि ग्लुऑन कणांत बांधले जाताना मूळ दिशेला आडवे असे २०० एमईव्हीच्या आसपासचे संवेग इकडेतिकडे वाटले जातात. त्या प्रक्रियेचे गणित पायरीपायरीने सोडवता येत नाही, तिची फक्त प्रतिरूपे आहेत. कमी ऊर्जेच्या जेटमध्ये हा गोंधळ मोठा वाटा उचलतो.

पर्याय: कोणता क्वार्क?

जड क्वार्क तीन. टॉपचे वस्तुमान १७३ जीईव्हीच्या आसपास, बॉटमचे ४.१८, चार्मचे १.२७.

टॉपचा डेड कोन प्रशस्त असतो. ५०० जीईव्हीच्या टॉपसाठी तो ०.३५ रेडियन, म्हणजे वीस अंश भरतो. शिवाय टॉप कोणत्याही मेसॉनमध्ये बांधला जाण्याआधीच विघटित होतो. पण विघटनातून निघालेला बॉटम क्वार्क स्वतः ग्लुऑन सोडू लागतो, आणि टॉपने सोडलेला ग्लुऑन कोणता नि बॉटमने सोडलेला कोणता, हा नवा गुंता उभा राहतो. अतिवेगवान टॉपमध्ये हे कसे वेगळे करता येईल याच्या सूचना २०१६ पासून मांडल्या गेल्या होत्या.

बॉटम हा मधला मार्ग. २० जीईव्ही ऊर्जेला त्याचा डेड कोन ०.२१ रेडियन, म्हणजे बारा अंश. कागदावर हाच उत्तम उमेदवार. अडचण त्याच्या मेसॉनची आहे. बॉटम मेसॉन असंख्य वाटांनी विघटित होतो, बऱ्याचदा आधी चार्म मेसॉनमध्ये जातो, कधी न्यूट्रिनो सोडतो. एकेक वाट पूर्ण जुळवायची म्हटली तर फारच थोड्या घटना हाती राहतात. प्रयोगांत म्हणून बॉटम जेट ओळखतात ते टकरीच्या जागेपासून थोड्या अंतरावर दिसणाऱ्या विघटनाच्या बिंदूवरून. जेट ओळखायला तेवढे पुरते, पण विघटनाचे तुकडे जेटमधून अचूक वेचायला पुरत नाही. आणि वर पाहिले तसे, ते तुकडे वेचले नाहीत तर शंकू भरलेलाच राहणार.

चार्मचा शंकू लहान आहे, तरी त्याच्याकडे एक सोय आहे. डी-शून्य मेसॉन सुमारे ४ टक्के वेळा फक्त एक केऑन आणि एक पायॉन यांत विघटित होतो. दोन्ही भारित, दोन्ही मोजता येणारे, मागे काही लपलेले नाही. या वाटेला चिकटून राहायचे म्हणजे ९६ टक्के डी-शून्य सोडून द्यायचे. निवड चार्मची झाली, आणि मला ती या प्रकरणातली सर्वांत धाडसी निवड वाटते. शंकू मोठा असलेला क्वार्क सोडून, ज्याचे विघटन पूर्णपणे हातात येते तो क्वार्क घेतला गेला.

निर्णय: ऊर्जा कमी ठेवायची

कोलायडरमध्ये, म्हणजे कण आदळवणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्याचा हात सवयीने जास्त ऊर्जेच्या जेटकडे जातो. तिथे जेट स्वच्छ दिसतात, गणित विश्वासाचे असते. डेड कोनच्या बाबतीत ही सवय घात करते. चार्मचा कोन ५ जीईव्हीला साडेचौदा अंश, १० ला सात अंशांहून थोडा जास्त, २० ला साडेतीन अंशांच्या जवळपास आणि १०० ला एक अंशाच्याही आत. शंभरच्या जेटमध्ये शंकू आहेच, पण त्या शंकूच्या आत डोकावण्याइतके बारीक कोन वेगळे काढता येत नाहीत.

मग प्रोटॉनांच्या झोताच्या दिशेला आडवा संवेग ५ ते ५० जीईव्ही असलेले, फक्त भारित कणांचे जेट घेतले गेले. टकरी १३ टीईव्ही ऊर्जेच्या, २०१६ ते २०१८ या काळातल्या. सर्नच्या एलएचसी या जगातल्या सर्वांत ताकदवान यंत्रावर इतके मवाळ जेट वेचणे वरवर उधळपट्टीसारखे दिसते. इथे अ‍ॅलिसचा डिटेक्टर कामी आला. त्याचे चुंबकीय क्षेत्र ०.५ टेस्ला आहे, तर त्याच यंत्रावरच्या सीएमएस या दुसऱ्या डिटेक्टरचे ३.८. ०.१५ जीईव्ही आडव्या संवेगाचा भारित कण अ‍ॅलिसमध्ये एक मीटर त्रिज्येने वळतो आणि मापनाच्या थरांतून पार जातो. सीएमएसच्या क्षेत्रात तोच कण तेरा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात गुरफटतो. शिवाय वायूतली ऊर्जाहानी आणि उड्डाणवेळ मोजून केऑन नि पायॉन वेगळे ओळखण्याची सोय अ‍ॅलिसमध्ये होती. शिसाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींसाठी बांधलेला डिटेक्टर साध्या प्रोटॉन टकरींतल्या या प्रश्नाला इतका नेमका लागू पडावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. दोन्हीकडे मंद कणच पकडायचे असतात.

निर्णय: मेसॉन पुन्हा जोडून मग जेट बांधायचा

केऑन आणि पायॉनच्या ज्या जोडीचे एकत्रित वस्तुमान डी-शून्यच्या वस्तुमानाजवळ येते ती जोडी जेट बांधण्याच्या आधीच कणांच्या यादीतून काढली गेली आणि तिच्या जागी एकसंध डी-शून्य ठेवला गेला. विघटन जणू झालेच नाही. शंकू भरून टाकणारी दुसरी अडचण एका अदलाबदलीत संपली.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. कुठलाही केऑन आणि कुठलाही पायॉन योगायोगाने योग्य वस्तुमान देऊ शकतात. म्हणून वस्तुमानाच्या आलेखात डी-शून्यच्या जागी येणाऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंच्या वस्तुमानपट्ट्यांतले जेट वापरून ही खोटी भर वजा केली गेली. काही डी-शून्य मुळात बॉटम मेसॉनच्या विघटनातून आलेले असतात. त्यांच्या जेटमध्ये पाऊलखुणा बॉटमच्या शंकूच्या असतात, चार्मच्या नव्हे, म्हणून त्यांचा निकालावर किती परिणाम होतो हे तपासणे भाग होते. ही तपासणी सिम्युलेशनवर टेकते आणि या मोजणीतल्या काहीशा नाजूक जागांपैकी ती एक आहे.

निर्णय: झाड उलटे उकलायचे

आता दिशेची अडचण. ग्लुऑन उत्सर्जनाला एक शिस्त असते: पहिले उत्सर्जन मोठ्या कोनात, नंतरची क्रमाने लहान कोनांत. ही शिस्त वापरायची तर जेटचा इतिहास कोनांच्या क्रमाने उभा करायला हवा. कोलायडरमध्ये जेट बांधण्यासाठी सर्रास वापरली जाणारी अँटी-केटी पद्धत कणांना सर्वांत ऊर्जावान गाभ्याभोवती गोळा करते. जेट छान गोल येतात, पण कोणता ग्लुऑन आधी सुटला याचा मागमूस राहत नाही. म्हणून दोन टप्पे ठेवले गेले. जेट शोधायचा अँटी-केटीने, आणि सापडलेल्या जेटमधले कण पुन्हा जोडायचे केंब्रिज-आखेन पद्धतीने. ही पद्धत फक्त कोन बघते आणि एकमेकांच्या सर्वांत जवळचे कण आधी जोडते.

नंतर तोच क्रम उलटा उकलायचा. शेवटची जोडणी सोडवली की सर्वांत मोठ्या कोनातले उत्सर्जन मिळते. दोन फांद्यांपैकी जिच्यात डी-शून्य आहे ती धरून पुढे जायचे, पुन्हा उकलायचे. प्रत्येक वेळी दोन फांद्यांमधला कोन लिहून ठेवायचा. क्वार्कची मूळ दिशा माहीत असण्याची गरजच उरत नाही, कारण कोन प्रत्येक पायरीवरच्या फांदीपासून मोजला जातो.

इथे एक बारकावा आहे आणि तो सुटला असता तर बाकीची मेहनत पातळ झाली असती. प्रत्येक उत्सर्जनानंतर चार्मची ऊर्जा घटते, म्हणून त्याचा डेड कोन रुंदावत जातो. एकाच जेटमधल्या पहिल्या आणि तिसऱ्या उत्सर्जनाला वेगवेगळे शंकू लागू असतात. जेटच्या एकूण ऊर्जेनुसार गट पाडले असते तर वेगवेगळ्या शंकूंची सरमिसळ होऊन घट पुसट झाली असती. गट पाडले गेले ते त्या त्या पायरीवर ग्लुऑन सोडणाऱ्या फांदीच्या ऊर्जेवर: ५ ते १०, १० ते २० आणि २० ते ३५ जीईव्ही.

निर्णय: २०० एमईव्हीची चाळणी

बांधणीच्या प्रक्रियेचा गोंधळ बाहेर ठेवण्यासाठी, सुटलेल्या फांदीचा (इथे मूळ फांदीच्या दिशेला) आडवा संवेग २०० एमईव्हीपेक्षा कमी असेल तर ते उत्सर्जन मोजणीत घेतले नाही. कारण पटण्यासारखे आहे. पण ही चाळणी मोजायच्या जागेलाच चिमटा घेते. आडवा संवेग म्हणजे ढोबळमानाने सुटलेल्या फांदीची ऊर्जा गुणिले कोन. ७.५ जीईव्हीच्या फांदीतून ०.१ रेडियनवर काही सुटायचे असेल तर त्याने एकूण ऊर्जेचा चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा न्यायला हवा, नाहीतर ते चाळणीतून पडते. ०.०५ रेडियनवर तर अर्धा वाटाही पुरत नाही. म्हणजे सर्वांत खोल कोनात मोजायला मुळातच काही उरत नाही, जड क्वार्क असो की हलका.

चाळणी थोडी सैल ठेवली असती तर नोंदी वाढल्या असत्या आणि त्यांवरचा भरवसा घटला असता. कडक केली असती तर उलटे. २०० एमईव्ही हा आकडा प्रबल बलाच्या स्वतःच्या मोजपट्टीवरून आला आहे, त्यामुळे तो निकाल बघून ठरवल्याचा आरोप होऊ शकत नाही. एरवी नेमक्या याच जागी माझा संशय जागा झाला असता.

निर्णय: तुलना कशाशी?

मोजलेली प्रत्येक गोष्ट गुणोत्तर म्हणून मांडली गेली: डी-शून्य असलेल्या जेटमधले दर जेटमागे उत्सर्जन, भागिले तुलनेसाठी घेतलेल्या जेटमधले दर जेटमागे उत्सर्जन, तीच ऊर्जा आणि तोच कोन धरून. डिटेक्टरमध्ये दोन्हीकडे सारखेच हरवणारे कण या भागाकारात बऱ्याच अंशी कटून जातात.

प्रश्न छेदाचा. तिथे आदर्श म्हणजे निव्वळ हलक्या क्वार्कचे जेट. तसे स्वतंत्र वेचता येत नाहीत, म्हणून सरसकट सगळे जेट घेतले गेले, आणि प्रोटॉन टकरींत या ऊर्जांना त्यांतले बहुसंख्य ग्लुऑनपासून निघालेले असतात. ग्लुऑनचा रंगभार क्वार्कपेक्षा जास्त, उत्सर्जनाची क्षमता क्वार्कच्या सव्वादोन पट. तेव्हा गुणोत्तर एकपेक्षा वेगळे आले तर त्यातले किती वस्तुमानामुळे आणि किती क्वार्क-ग्लुऑन भेदामुळे?

तीन गोष्टी केल्या गेल्या. एक म्हणजे, तुलनेच्या जेटमध्ये सर्वांत वेगवान कणाचा आडवा संवेग किमान २.८ जीईव्ही असावा ही अट. डी-शून्यसाठी २ जीईव्हीची अट आधीच होती, आणि त्याचे वस्तुमान धरले की दोन्ही अटी साधारण एका पातळीवर येतात. ही अट नसती तर एका बाजूला जड मेसॉनमुळे आपोआप टणक झालेले जेट आणि दुसऱ्या बाजूला वाटेल तसे विखुरलेले जेट, अशी विषम तुलना झाली असती. दुसरी म्हणजे, डेड कोन नसता तर गुणोत्तर कसे दिसले असते, याची रेषा पायथिया आणि शेर्पा या दोन वेगळ्या सिम्युलेशनमधून काढली गेली: हलक्या क्वार्कचे जेट भागिले सरसकट जेट. तिसरी गोष्ट माझ्या मते खरी सावधगिरीची. परिणामाची खात्री मोजताना या सिम्युलेशनच्या रेषेचा आधार घेतला गेला नाही. तुलना सरळ १ या आकड्याशी केली गेली. क्वार्कचे जेट ग्लुऑनच्या जेटपेक्षा आटोपशीर असतात, त्यामुळे वस्तुमान नसते तर लहान कोनांत गुणोत्तर १ च्या वरच झुकले असते. १ शी तुलना करणे म्हणजे स्वतःच्या निकालाला मुद्दाम कमी गुण देणे.

निकाल

सर्वांत कमी ऊर्जेच्या गटात, ५ ते १० जीईव्हीमध्ये, लहान कोनांत गुणोत्तर १ च्या बरेच खाली गेले. मोठ्या कोनांकडे ते पुन्हा वर चढते. सांख्यिकी चाचणीत खात्री ७.७ सिग्मा निघाली (सिग्माचा आकडा जितका मोठा, तितकी घट निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता कमी). १० ते २० च्या गटात ३.५ सिग्मा. २० ते ३५ च्या गटात फक्त १.

हा तिसरा आकडा वाचताना काही जणांची निराशा होते. मला तो पहिल्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. ऊर्जा वाढेल तसा शंकू आकसायला हवा आणि मोजता येणाऱ्या कोनांच्या बाहेर निसटायला हवा. तिन्ही गटांत सारखीच घट दिसली असती तर ती वस्तुमानाची नसून निवडीच्या एखाद्या अटीची आहे, असा संशय रास्त ठरला असता. भागाकाराने जिथे शंकू असायला हवा होता तिथेच घट सापडली, आणि ऊर्जेबरोबर ती सरकलीही तशीच.

आणखी एक गोष्ट हाती आली. क्वार्क सुटा मिळत नाही, म्हणून त्याचे वस्तुमान नेहमी आडमार्गाने काढावे लागते. डेड कोन हा परिणाम मेसॉन बनण्याच्या आधीच्या, म्हणजे चार्म अजून मोकळेपणाने ग्लुऑन सोडत असतानाच्या काळातला आहे. तेव्हा तो चार्मच्या वस्तुमानाला थेट स्पर्श करतो. या मोजणीने चार्मच्या वस्तुमानाचा नेमका आकडा दिलेला नाही. मात्र ते वस्तुमान शून्य नाही, हे आता उत्सर्जनाच्या नकाशावर दिसते.

काय वेगळे करता आले असते

छेदाबद्दल माझे समाधान पूर्ण झालेले नाही. फोटॉनच्या समोर उडालेले जेट घेतले तर त्यांत क्वार्कचे प्रमाण बरेच जास्त असते. तसा छेद वापरला असता तर क्वार्क-ग्लुऑन भेदाचा प्रश्न सिम्युलेशनकडे सोपवावा लागला नसता. पण अशा घटना दुर्मीळ असतात, आणि ५ जीईव्हीच्या फोटॉनला मेसॉनच्या विघटनातून येणाऱ्या फोटॉनांच्या गर्दीतून वेगळे काढणे हे स्वतःच एक मोठे काम आहे. उपलब्ध नोंदींत ते झेपले नसते, असेच मी म्हणेन.

एका शंकेकडे वाचकांचे फारसे लक्ष जात नाही. डी-शून्य असलेला जेट नेहमी चार्म क्वार्कपासूनच सुरू झालेला असतो असे नाही. कधी ग्लुऑन फुटून चार्मची जोडी तयार होते. तेव्हा उकलताना भेटणारी पहिली फांदी ग्लुऑनची असते आणि जोडी फुटण्याचा कोन आपण चुकून चार्मचे उत्सर्जन म्हणून नोंदवतो. कमी ऊर्जेच्या जेटमध्ये अशी जोडी बनणे तुलनेने कमी घडते, म्हणून इथे तिचा त्रास मर्यादित आहे. हीच पद्धत १०० जीईव्हीच्या जेटवर नेणाऱ्याला मात्र ती आडवी येईल.

फक्त भारित कणांचे जेट घेतल्याने उदासीन कणांनी नेलेली ऊर्जा हिशेबातून सुटते आणि फांदीची खरी ऊर्जा कमी धरली जाते. उदासीन कणही धरले असते तर ऊर्जा खरी मिळाली असती, कोनांची सूक्ष्मता मात्र गेली असती. या मोजणीत कोन हेच सर्वस्व आहे, तेव्हा ही तडजोड मी तशीच ठेवली असती.

बॉटमचे काय? जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलएचसीच्या तिसऱ्या सत्रासाठी अ‍ॅलिसच्या आतल्या भागात सात थरांचा नवा पिक्सेल डिटेक्टर बसवला गेला आणि नोंदी अखंड वाचण्याची सोय झाली. बॉटम मेसॉनची एखादी वाट पूर्ण जुळवून तीच उकलण्याची पद्धत वापरता आली, तर एकाच ऊर्जेला चार्म आणि बॉटम यांचे शंकू शेजारी ठेवता येतील. वस्तुमानांचे गुणोत्तर तीनहून थोडे जास्त, तेव्हा शंकूंचेही तेवढेच यायला हवे. या तुलनेत ग्लुऑनचा छेद लागतच नाही, आणि म्हणून मला ती फोटॉनच्या वाटेपेक्षा सरळ वाटते.

राहिला तप्त द्रवाचा प्रश्न. शिसाच्या टकरींत जेटच्या खाली हजारो मंद कणांचा थर पसरलेला असतो. तिथे २०० एमईव्हीची चाळणी निरुपयोगी आहे. त्या थरातले कण उगाच जोडले जाऊन खोट्या फांद्या तयार होतात, आणि त्या बऱ्याचदा या मर्यादेच्या वर असतात. चाळणी वर न्यावी तर शंकूच्या आतली जागा चाळणीतच संपते. ही ओढाताण सोडवणारा आडवा संवेग किती ठेवायचा, हे द्रवातली मोजणी करणाऱ्यांना नव्याने ठरवावे लागेल.